सावलीतले बारा, उन्हातले चौदा

तळहातावर मावेल एवढी गोल तबकडी, काचेखाली एक काळा काटा आणि खाली दाभणासारखी बारीक पोकळ सुई. एवढेच माझे शरीर आहे, मित्रांनो. फुटबॉलमध्ये किती हवा आहे ते सांगणारा मी एक जुना गेज. शारजातल्या एका छोट्या क्लबात मी दहा वर्षे काम केले. मी कधी धावलो नाही, कधी गोल मारला नाही. पण एका जपानी खेळाडूचे पुढचे सगळे आयुष्य ज्या पंधरा मिनिटांत ठरले, त्या पंधरा मिनिटांत मैदानावर मी होतो. ती गोष्ट सांगायची म्हटले की अजूनही माझा काटा थरथरतो.

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका कारागिराने माझ्या पोटात वाकवलेली पितळी नळी बसवली. हवेचा दाब वाढला की ही नळी किंचित सरळ होते आणि काटा पुढे सरकतो. दाब कमी झाला की ती पुन्हा वाकते आणि काटा मागे येतो. मला एवढेच येते. रंग, वास, ऊन, पाऊस यांतले मला काही कळत नाही. मला फक्त दाब कळतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

एकोणीसशे चौऱ्याण्णव साली दुबईच्या देरा भागातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानातून, एक डझन बॉल आणि एका पंपासोबत, मी या क्लबात आलो. पहिली दोन वर्षे कोणी माझ्याकडे फारसे बघितले नाही. अंगठ्याने बॉल दाबायचा आणि "चालेल" म्हणायचे, अशी तिथली रीत होती. मग महादू गोताड आला आणि माझे दिवस पालटले.

महादू संगमेश्वरजवळचा. आखातात येण्याआधी महामार्गावरच्या एका पंक्चरच्या दुकानात त्याने सात वर्षे काढली होती. त्यामुळे हवा म्हटले की त्याच्या तोंडी पौंडच. क्लबात त्याच्याकडे कपडे धुणे, बूट पुसणे, जाळ्या बांधणे आणि बॉल भरणे अशी कामे होती. पण बॉल भरताना तो जणू देवपूजा करतो आहे असे वाटे. सुई आधी तेलात बुडवायची, मग हलक्या हाताने बॉलच्या तोंडात घालायची, श्वास रोखून काटा बघायचा. "बारा म्हणजे बारा," असे तो पुटपुटे. चोवीस बॉल, चोवीस वेळा बारा. मग वहीत तारीख, आकडा आणि खाली सही. मी इतका महत्त्वाचा आहे हे मला त्याच्यामुळे कळले.

तेव्हा सामानाची खोली म्हणजे पत्र्याची शेड होती. आत नुसती भट्टी. मग दोन हजार साली एका मोठ्या माणसाने क्लबाला देणगी दिली आणि आम्हाला पक्की खोली मिळाली. खोलीला एसी होता. महादूला फार आनंद झाला. खोलीतले तापमान कायम बावीस अंश असे. त्याच हंगामात नवे बॉलही आले.

एकच कटकट होती. सप्टेंबरात शारजाची हवा ओल्या फडक्यासारखी असते. गार खोलीतून बाहेर काढला की बॉलला दरदरून घाम फुटे. पाण्याचे थेंब जमत आणि कातड्याला कुबट वास येई. महादूने यावर गावाकडचा उपाय काढला. त्याच्या घरी पावसाळ्यानंतर गोधड्यांना, डाळींना, कोकमांना ऊन दाखवत. तसेच तो बॉलना ऊन दाखवू लागला. सराव साडेचारला असेल तर तीन वाजताच तो सगळे बॉल मैदानाकडेच्या काळ्या रबरी पट्टीवर ओळीने मांडी. बॉल कोरडे ठणठणीत होत. सगळ्यांनी त्याचे कौतुक केले. मीही मनातून केले.

त्याच सप्टेंबरात सोइचिरो हानेदा आला.

वय वीस. अंगाने सडपातळ, केस बारीक कापलेले, पाठीवर एकच पिशवी. तो जपानच्या निईगाता भागातला. तिथे हिवाळ्यात मैदानावरचे बर्फ फावड्याने सारल्याशिवाय सराव सुरू होत नाही. अठराव्या वर्षी त्याला तिथल्या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबाने घेतले. दोन हंगामांत तो सात सामने खेळला, तेही बहुतेक शेवटच्या पाच-दहा मिनिटांपुरते. मग एक पत्र देऊन त्यांनी त्याला मोकळे केले. पण त्याच्या उजव्या पायात एक विलक्षण गोष्ट होती. तो फ्री किक मारी तेव्हा बॉल बचावाच्या भिंतीवरून जाई, आता आकाशात जाणार असे वाटे, आणि अचानक खाली उतरून जाळीत शिरे. त्या फ्री किकची एक व्हिडिओ कॅसेट आमच्या कोचपर्यंत पोहोचली होती. ती पाहूनच कोचनी त्याला बोलावले.

कोचचे नाव अहमद. ते सुदानचे, उंच आणि कमी बोलणारे. त्यांनी सोइचिरोला तीन आठवडे दिले. क्लबाला मोजकेच परदेशी खेळाडू घेता येत, आणि त्यातली एकच जागा उरली होती. तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, शेजारच्या क्लबाशी सराव सामना. त्यानंतर करार, नाहीतर परतीचे विमान.

सोइचिरोला जपानीखेरीज भाषा येत नव्हती. त्याच्यासाठी क्लबाने सुचित्राताईंना विनंती केली. त्या मूळच्या पुण्याच्या. तिथेच त्या जपानी शिकल्या आणि आता देऱ्यातल्या एका जपानी कंपनीच्या ऑफिसात काम करत. घर शारजाच्या अल नहदा वस्तीत. ऑफिस सुटले की त्या मैदानावर येत, सोइचिरोचे कोचना इंग्रजीत सांगत आणि महादूला मराठीत. त्यांनीच एकदा महादूला सांगितले की या मुलाने जपानमधल्या नऊ क्लबांना कॅसेट पाठवली होती आणि एकाचेही उत्तर आले नाही. इथे जमले नाही तर तो काकांच्या मासळीच्या कारखान्यात कामाला लागणार होता. फुटबॉल संपला.

पहिल्याच दिवशी त्याने दहा फ्री किक मारल्या. दहाही आडव्या खांबावरून गेल्या. दुसऱ्या दिवशी वीस मारल्या. एक जाळीत गेली, तीही गोलरक्षक घसरला म्हणून. बॉल भिंतीवरून जाई, पण उतरतच नसे. कोच कपाळावर हात धरून बघत राहत. कॅसेटमध्ये उतरणारा बॉल इथे का उतरत नाही, हे त्यांना कळेना. खेळाडूंना मात्र गंमत मिळाली. त्यांनी त्याचे नावच "व्हिडिओ" ठेवले. "यल्ला, चल व्हिडिओ, कॅसेट अडकली वाटतं," असे कोणीतरी ओरडे आणि बाकीचे हसत. सोइचिरोला शब्द कळत नसत. हसणे कळे.

बाकीच्यांनाही बॉल टणक वाटत होते. पण बॉल नवे होते. आठवडाभरात रुळतील, असे सगळे म्हणत. शिवाय ते जमिनीलगत पास देऊन खेळणारे. त्यांचे फारसे अडत नव्हते.

सोइचिरोने तक्रार केली नाही. सराव संपल्यावर तो एकटाच थांबे आणि आणखी चाळीस किक मारी. आपला पायच बिघडला आहे असे त्याला वाटू लागले होते. मात्र दुसऱ्या आठवड्यात एकदा त्याने बॉल उचलून अंगठ्याने दाबला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. त्याच्या गावी थंडीत बॉल मऊ पडत, म्हणून दाबून बघायची त्याला सवय होती. सगळे आवरून झाल्यावर तो सुचित्राताईंना घेऊन आमच्या खोलीत आला आणि त्याने विचारले, बॉलमध्ये हवा किती आहे.

महादू दुखावला. त्याने वही पुढे केली. रोजचे बारा, रोजची सही. मग तो म्हणाला की वहीवर विश्वास नसेल तर समोर मोजतो. त्याने फळीवरचा एक बॉल घेतला. तो बॉल येऊन तासभर झाला होता आणि चांगला गार पडला होता. माझी सुई आत गेली. काटा उठला आणि बरोबर बारावर थांबला.

सोइचिरोने कमरेत वाकून महादूची माफी मागितली. शंका घेतल्याबद्दल.

मित्रांनो, त्या क्षणी मला अभिमान वाटला होता. आज तो आठवला की लाज वाटते. मी खोटे बोललो नव्हतो. बॉलमध्ये तेव्हा बाराच पौंड होते. पण माझ्या त्या खऱ्या उत्तरामुळे एका मुलाची खात्री पटली की दोष त्याच्याच पायात आहे.

गुरुवार उजाडला. दुपारी दोन वाजता महादूने सामन्याचा बॉल बारावर भरला, सही केली, तीनला बॉल उन्हात ठेवला. मी त्याच्या शर्टाच्या खिशात होतो. साडेचारला सामना सुरू झाला तेव्हा पारा चाळीसवर होता. कोचनी सोइचिरोला पहिल्यापासून उतरवले. दहाव्या मिनिटाला त्याला फ्री किक मिळाली. बॉल खांबावरून हातभर वर गेला. तिसाव्या मिनिटाला दुसरी मिळाली. तीही वरून. बाकावर बसलेल्या कोचनी राखीव खेळाडूला अंग गरम करायला सांगितले. सुचित्राताईंनी ते ऐकले आणि मान खाली घातली.

मध्यंतराला दोन मिनिटे होती तेव्हा एका बचावपटूने मारलेला बॉल कुंपणावरून थेट रस्त्यावर गेला. महादूने धावत जाऊन खोलीतून दुसरा बॉल आणला. त्याला ऊन दाखवायला वेळच नव्हता. बॉलला घाम फुटलेला, तसाच त्याने तो पुसून पंचांना दिला. तेवढ्यात पहिला बॉलही कोणीतरी परत फेकला. पंचांनी दोन्ही हातांत दोन्ही बॉल घेतले, दाबले आणि भुवया उंचावल्या. एक दगडासारखा, दुसरा मऊ. त्यांनी महादूला खूण केली की दोन्ही इथेच मोज.

नव्या खोलीत गेल्यापासून मी पहिल्यांदाच मैदानावर कामाला लागलो होतो. गार बॉलमध्ये सुई गेली. बारा. मग सामन्याच्या बॉलमध्ये गेली. गरम हवेचा फुत्कार माझ्या पोटात घुसला आणि काटा बारा ओलांडून, तेरा ओलांडून, चौदावर जाऊन उभा राहिला.

महादूने मला झटकले. पुन्हा सुई घातली. चौदा. त्याने मला कानाशी धरून हलवले, काचेवर टिचकी मारली. पुन्हा चौदा. मग त्याचा डावा तळवा बॉलवर टेकला आणि तो तसाच थांबला. बॉल तापलेल्या तव्यासारखा होता. मला वाटते, त्या क्षणी त्याला महामार्ग आठवला असेल. मे महिन्यात ट्रकवाले दुकानात येत तेव्हा तोच त्यांना सांगत असे की उन्हात टायर तापतात, हवा दोन पौंड कमी ठेवा. आत कोंडलेली हवा तापली की तिचा दाब वाढतो. पंक्चरच्या दुकानात सात वर्षे ज्याने हे शेकडो लोकांना सांगितले, तोच ते एसीच्या खोलीत विसरला होता.

पंचांनी आकडा पाहिला. नियमानुसार साडेपंधरापर्यंत चालते, म्हणून त्यांनी पहिलाच बॉल पुढे ठेवला आणि थोड्याच वेळात मध्यंतराची शिट्टी वाजवली. बाकी कोणाच्या काही लक्षात आले नव्हते. महादू गप्प बसला असता तर कोणाला काही कळलेही नसते. शनिवारी तो मुलगा विमानात बसला असता.

महादू गप्प बसला नाही. तो सुचित्राताईंकडे गेला.

"ताई, कोचसाहेबांना सांगा, चूक माझी हाय. बॉल मी थंड खोलीत बारावर भरला नि वर उन्हात ठेवला. आता त्यात चौदा हाय. तीन आठवडे असंच चाललंय."

सुचित्राताई हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, नीट विचार करा. वहीत रोज तुमची सही आहे."

"सही माझी हाय म्हणूनच सांगतोय. तो पोर रोज आपल्या पायाला दोष देतो. पाय बरोबर हाय त्याचा."

सुचित्राताईंनी आधी कोचना सांगितले. कोचनी ऐकले, माझ्याकडे पाहिले, महादूकडे पाहिले. त्यांचा चेहरा कठीण होता. ते म्हणाले की बॉल नियमात आहे, समोरचा संघही त्याच बॉलने खेळतो आहे, आणि एका माणसासाठी आपण हवा सोडणार नाही. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते.

मग सुचित्राताईंनी सगळे सोइचिरोला सांगितले. तो ऐकता ऐकता उठून उभा राहिला. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि महादूने मला त्याच्या ओंजळीत ठेवले. त्याने काचेवरचे आकडे नीट पाहिले आणि मला महादूच्या हाती परत दिले. मग तो जे बोलला ते सुचित्राताईंनी आधी मराठीतच सांगून टाकले, मग कोचना इंग्रजीत.

"तो म्हणतोय, बॉल बदलू नका. मला फक्त आकडा हवा होता. आता पंधरा मिनिटं द्या."

कोचनी राखीव खेळाडूला हाताने खाली बसवले. "पंधरा. मग खलास."

मध्यंतर संपायला चार मिनिटे होती. सोइचिरो तोच बॉल घेऊन कुंपणापाशी गेला. खांबाच्या उंचीइतक्या एका आडव्या पाइपवर नजर ठेवून त्याने पहिली किक मारली. बॉल वरून गेला. दुसऱ्या वेळी त्याने पाय बॉलवर थोडा वरच्या बाजूला लावला. बॉल पाइपला घासून गेला. तिसऱ्या वेळी त्याने धाव एक पाऊल कमी केली. चौथ्या वेळी घोटा अधिक ताठ ठेवला. प्रत्येक किकनंतर तो थांबे आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजे. टणक बॉल पायाला फार थोडा वेळ चिकटतो आणि जास्त वेगाने सुटतो. तेवढ्याच वेळात त्याला फिरकी द्यायची तर मार वेगळा हवा. तीन आठवडे तो बारा पौंडांची किक चौदा पौंडांच्या बॉलला मारत होता. पाचवी किक पाइपखालून गेली.

खेळ सुरू झाला. पाच मिनिटे काहीच घडले नाही. सातव्या मिनिटाला फ्री किक मिळाली, पंचवीस मीटरवरून. महादूने मला मुठीत इतके आवळले की माझी काच तडकेल असे वाटले. किक बसली. बॉल भिंतीवरून गेला, वर चढला, आणि मग, मित्रांनो, तो उतरू लागला. उतरला आणि आडव्या खांबावर धाडकन आपटून बाहेर गेला.

आतापर्यंत "व्हिडिओ" म्हणून ओरडणारा आमचा गोलरक्षक पहिल्यांदाच टाळ्या वाजवू लागला.

अकरा मिनिटे झाली. बारा. तेरा. कोचनी घड्याळ पाहिले. चौदाव्या मिनिटाला आमचा एक खेळाडू पाडला गेला. अंतर बावीस मीटर, कोन डावीकडचा. पाच जणांची भिंत उभी राहिली. सोइचिरोने बॉल ठेवला, मग वाकून त्यावर तळवा टेकवला. पाय बघत नव्हता तो, खांबही बघत नव्हता. बॉल किती तापलेला आहे ते बघत होता. तीन पावले मागे गेला. नेहमी तो चार जात असे.

त्याचा पाय बॉलला लागल्याचा आवाज छोटा आणि कोरडा होता. बॉल भिंतीच्या कडेच्या माणसाच्या डोक्यावरून निघाला. गोलरक्षक उजवीकडे झेपावला. बॉल वर होता, अजून वर होता, आणि मग कोणीतरी दोरी ओढावी तसा खाली आला. खांब आणि गोलरक्षकाची बोटे यांच्यामधून तो जाळीत शिरला.

पुढचे काही क्षण मला नीट सांगता येणार नाहीत, कारण महादू मला मुठीत घेऊन नाचत होता. सुचित्राताई एकाच वाक्यात मराठी, जपानी आणि इंग्रजी बोलत होत्या. खेळाडूंनी सोइचिरोला उचलले होते आणि एकजण ओरडत होता, "रिवाइंड, व्हिडिओ, रिवाइंड!"

पंधरा मिनिटे संपली. कोचनी त्याला बाहेर काढले नाही.

सामन्यानंतर महादू वही घेऊन कोचसमोर उभा राहिला. आपली नोकरी गेली असे धरूनच तो गेला होता. कोचनी वही चाळली. तीन आठवड्यांचे बारा पाहिले. मग पेन काढून त्यांनी पानावर एक उभी रेघ मारली, आकड्याशेजारी नवा रकाना केला आणि वर लिहिले, कुठे मोजले. वही परत देताना ते सुचित्राताईंना जे म्हणाले ते महादूने पुढे कितीतरी जणांना ऐकवले. "बॉल वाईट आहे म्हणणारे खेळाडू मी पुष्कळ पाहिले. बॉल कसा आहे ते विचारून आपला पाय बदलणारा हा पहिला."

शनिवारी करार झाला. सोइचिरो आमच्याकडे दोन हंगाम खेळला. पहिल्यात सहा गोल, दुसऱ्यात अकरा. सरावाआधी तो मैदानाच्या कडेला येऊन महादूला मराठीत विचारी, "किती?" आणि महादू उन्हात उभा राहून मोजून सांगे, "तेरा." मग दोन हजार दोनमध्ये जपानच्या पहिल्या श्रेणीच्या एका क्लबाने त्याला बोलावले. निघताना त्याने मला आठवण म्हणून मागितले. महादूचे डोळे भरले, पण तो म्हणाला की गेज क्लबाचा आहे, आपल्याला देता येणार नाही. सोइचिरो हसला आणि माझ्या काचेवर बोट टेकवून निघून गेला.

दोन वर्षांनी आकडे उजळणारा नवा गेज आला. मला कोणी टाकले नाही, पण कोणी हातातही घेतले नाही. महादू गावी परतला. आता मी फळीमागच्या खणात आहे. माझी पितळी नळी थकली आहे. हवा नसतानाही काटा शून्यावर येत नाही, एकावर थांबतो. खण उघडणारे तेवढेच बघतात आणि म्हणतात, हा बिघडला.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेच्या प्रयोगशाळेत, एखाद्या दुकानात माझ्यासारखा जुना काटा, जुना तराजू, जुने घड्याळ असेल. त्याला फेकण्याआधी एक करा. काम नसताना त्याचा काटा कुठे थांबतो ते पाहा आणि तेवढे वजा करा. सुईला तेलाचा एक थेंब द्या. मग माझ्याने बॉल मोजा, उन्हात, जिथे खेळायचे आहे तिथे. मी तेरा दाखवीन. तुम्ही बारा धरा, आणि बिनधास्त किक मारा.